झ्लिन, दार्जिलिंग, लंडन : टॉम स्टॉपर्ड यांचा नाट्यप्रवास

इंग्रजी रंगभूमी सुमारे सहा दशके गाजविणारे नाटककार सर टॉम स्टॉपर्ड यांचे २९ नोव्हेंबर २०२५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट येथील राहत्या घरी निधन झाले. ते ८८ वर्षांचे होते. सर्वोत्कृष्ट नाटकाचा टोनी पुरस्कार त्यांच्या नाटकांनी पाच वेळा पटकावला. 'शेक्सपिअर इन लव्ह'च्या पटकथेसाठी त्यांना मार्क नॉर्मन यांच्यासह ऑस्कर मिळाले. ब्रिटिश राजघराण्याने १९९७ मध्ये 'सर' हा किताब आणि २००० मध्ये 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा दुर्मीळ सन्मान दिला. शब्दांची आतषबाजी आणि तत्त्वचिंतन एकाच वेळी साधणाऱ्या त्यांच्या शैलीवरून 'स्टॉपर्डियन' हे विशेषण तयार झाले आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही जाऊन बसले.

इंग्रजी भाषेवर अशी हुकमत गाजविणाऱ्या या लेखकाची मातृभाषा मात्र इंग्रजी नव्हती. त्यांचे मूळ नाव टोमाश स्ट्राउस्लर. जन्म चेकोस्लोव्हाकियातला, बालपण सिंगापूर आणि दार्जिलिंगमधले आणि वयाच्या आठव्या वर्षापासूनचे आयुष्य इंग्लंडमधले. या स्थलांतराने त्यांना एक समृद्ध भाषा दिली. पण त्याच वेळी त्यांचा भूतकाळ जवळजवळ पुसून टाकला. तो भूतकाळ पुन्हा हाती लागेपर्यंत त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि त्यावर नाटक लिहिण्यास ऐंशी वर्षांचे वय उलटावे लागले. स्टॉपर्ड यांच्या नाटकांकडे पाहताना हा प्रवास ध्यानात घ्यावा लागतो.

'बाटा'चे कुटुंब

'बाटा' ही पादत्राणांची कंपनी भारतीयच असावी, अशी आपल्याकडील अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ती मोराविया प्रांतातील झ्लिन या गावची. कंपनीने हे गाव आपल्या कारखान्यांभोवतीच वाढवले, कामगारांसाठी घरे आणि रुग्णालय बांधले. या रुग्णालयात युजेन स्ट्राउस्लर हे डॉक्टर होते. ३ जुलै १९३७ रोजी त्यांना दुसरा मुलगा झाला, तोच टोमाश.

स्ट्राउस्लर कुटुंब ज्यू होते. हिटलरचे संकट दाराशी येऊन ठेपल्यावर कंपनीने आपल्या अनेक ज्यू कर्मचाऱ्यांच्या बदल्या परदेशातील शाखांमध्ये केल्या. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा देशात शिरल्या, त्याच सुमारास हे कुटुंब सिंगापूरला निघाले. तेथेही युद्ध मागोमाग आले. जपानी सैन्य सिंगापूरवर चालून आले तेव्हा आई मार्था दोन मुलांना घेऊन जहाजाने भारतात आली. मागे राहिलेल्या डॉक्टरांनी नंतर सिंगापूर सोडण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यांच्या जहाजावर जपान्यांनी बॉम्बहल्ला केला आणि त्यात त्यांचा अंत झाला. टोमाश तेव्हा चार वर्षांचा होता. वडिलांची आठवण अशी त्याच्याजवळ काहीच उरली नाही.

भारतात या कुटुंबाला पुन्हा 'बाटा'चाच आधार मिळाला. दार्जिलिंगमधील कंपनीचे दुकान मार्था सांभाळू लागल्या आणि मुले तेथील माउंट हर्मन या अमेरिकन मिशनरी शाळेत दाखल झाली. टोमाश तेथे इंग्रजी बोलू लागला. १९४५ मध्ये मार्था यांनी ब्रिटिश लष्करातील मेजर केनेथ स्टॉपर्ड यांच्याशी विवाह केला आणि १९४६ मध्ये सारे इंग्लंडला गेले. टोमाश स्ट्राउस्लरचा टॉम स्टॉपर्ड झाला. इंग्रज असणे हेच परमभाग्य, अशी सावत्र वडिलांची धारणा होती. आईनेही मागचे विषय घरात काढले नाहीत. मुलांच्या वाट्याला पुन्हा तसे दिवस येऊ नयेत, हाच त्यामागचा हेतू असावा.

बातमीदार ते नाटककार

स्टॉपर्ड यांनी विद्यापीठाचे तोंड पाहिले नाही. तत्त्वज्ञान, गणित, अभिजात वाङ्मय यांवर अधिकाराने लिहिणाऱ्या या लेखकाचे औपचारिक शिक्षण शालेय पातळीवरच थांबले होते. सतराव्या वर्षी ते ब्रिस्टल येथील 'वेस्टर्न डेली प्रेस' या दैनिकात बातमीदार म्हणून लागले. आपल्याकडे विजय तेंडुलकर जसे पत्रकारितेतून नाटकाकडे आले, तसाच हा मार्ग. 'ब्रिस्टल ओल्ड व्हिक' या नाट्यसंस्थेची नाटके पाहता पाहता ते लेखनाकडे वळले. वृत्तपत्रांविषयीची आस्था पुढेही कायम राहिली. १९७८ मधील 'नाइट अँड डे' हे त्यांचे नाटक आफ्रिकेतील एका काल्पनिक देशात जमलेल्या परदेशी पत्रकारांचे आहे.

त्यांना प्रसिद्धी मिळाली ती 'रोझेनक्रान्ट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड' या नाटकामुळे. ऑगस्ट १९६६ मध्ये एडिंबरा महोत्सवाच्या 'फ्रिंज' विभागात विद्यार्थी कलाकारांनी ते सादर केले. 'ऑब्झर्व्हर'मधील रोनाल्ड ब्रायडन यांचे अनुकूल परीक्षण वाचून लंडनच्या नॅशनल थिएटरचे साहित्य सल्लागार केनेथ टायनन यांनी संहिता मागवून घेतली आणि एप्रिल १९६७ मध्ये नॅशनलने हे नाटक रंगमंचावर आणले. स्टॉपर्ड त्या वेळी अवघे २९ वर्षांचे होते.

नाटकाची कल्पना साधी, पण विलक्षण आहे. रामायणातील एखाद्या नगण्य सेवकाला मध्यभागी आणून राम-रावणाची कथा अधूनमधून त्याच्या समोरून जाऊ द्यावी, तसा हा प्रकार. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधील दोन दुय्यम दरबारी येथे नायक आहेत. राजवाड्यात काय शिजते आहे, आपल्याला येथे कशासाठी बोलावले आहे, याची त्यांना कल्पना नाही. पहाटे एक निरोप्या आला आणि आपण निघालो, याच्या पलीकडचे त्यांना काही आठवत नाही. दोघांपैकी रोझेनक्रान्ट्झ कोण आणि गिल्डनस्टर्न कोण, याविषयीही त्यांचा गोंधळ उडतो. अखेर दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले मरण त्यांना गाठते.

या नाटकात बेकेटचा प्रभाव शोधला गेला आणि तो आहेही. आपल्या नाटकांत आत्मचरित्र शोधू नये, असा स्टॉपर्ड यांचा बराच काळ आग्रह असे. तरीही, का निघालो हे न कळता देशोदेशी नेल्या गेलेल्या आणि वाटेत नावच बदललेल्या मुलाची आठवण हे नाटक पाहताना होतेच.

चातुर्याकडून नैतिक प्रश्नांकडे

पुढील काही वर्षांतील नाटकांनी स्टॉपर्ड यांची 'बुद्धिमान' नाटककार ही प्रतिमा घट्ट केली. 'जंपर्स' (१९७२) मध्ये नीतिशास्त्राचे प्राध्यापक आणि कसरतपटू एकत्र येतात. 'ट्रॅव्हेस्टीज' (१९७४) मध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळातील झुरिच शहर आहे. लेनिन, कादंबरीकार जेम्स जॉइस आणि दादावादी कवी त्रिस्तान झारा हे तिघे त्या काळात तेथे राहिले होते. या वस्तुस्थितीवरून स्टॉपर्ड यांनी कला आणि क्रांती यांच्यातील वाद रंगवला. तो एका विसरभोळ्या वृद्धाच्या आठवणींतून दाखविल्यामुळे इतिहास आणि कल्पना यांची धमाल सरमिसळ होते. मात्र हे सारे डोक्याला खाद्य देते, हृदयाला हात घालत नाही, अशी टीका होऊ लागली. तत्कालीन डाव्या नाटककारांच्या तुलनेत त्यांना राजकारणाचे वावडे आहे, असेही म्हटले गेले.

या टीकेला उत्तर मिळाले ते जन्मभूमीच्या दिशेने. १९७७ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील लेखक-विचारवंतांनी 'चार्टर ७७' या जाहीरनाम्याद्वारे मानवी हक्कांची मागणी केली. नाटककार वाक्लाव हावेल त्यांत अग्रभागी होते. स्टॉपर्ड त्याच वर्षी प्राग येथे गेले आणि हावेल यांना भेटले. त्याच वर्षी बीबीसीवरून त्यांचे 'प्रोफेशनल फाउल' हे दूरचित्रवाणी नाटक प्रसारित झाले. नीतिशास्त्राचा एक इंग्रज प्राध्यापक परिषदेसाठी आणि खरे तर फुटबॉलचा सामना पाहण्यासाठी प्रागला जातो. त्याचा जुना चेक विद्यार्थी आपला प्रबंध देशाबाहेर नेण्याची विनंती करतो. यजमान देशाशी प्रतारणा नको, म्हणून प्राध्यापक नकार देतो. पुढे विद्यार्थ्याला अटक होते, त्याच्या लहान मुलाचे हाल तो पाहतो आणि पुस्तकी नीतिशास्त्र बाजूला ठेवून प्रबंध बाहेर काढतो. त्यासाठी तो ज्या सहकाऱ्याच्या सामानाचा उपयोग करतो, त्याला याची पुसटशीही कल्पना नसते. एक योग्य गोष्ट करण्यासाठी दुसरी अयोग्य गोष्ट करावी लागते, हे स्टॉपर्ड लपवीत नाहीत.

'एव्हरी गुड बॉय डिझर्व्ह्ज फेवर' हेही १९७७ मधलेच. संगीतकार आंद्रे प्रेव्हिन यांच्यासह, रंगमंचावर पूर्ण वाद्यवृंद ठेवून त्यांनी हे नाटक केले. सोव्हिएत मनोरुग्णालयातील एकाच खोलीत दोघे आहेत. एकाला आपल्याजवळ वाद्यवृंद असल्याचा भास होतो. दुसरा पूर्ण शहाणा. शहाण्या माणसांना मनोरुग्णालयात डांबले जाते, एवढेच त्याने सांगितलेले असते. पुढे स्टॉपर्ड यांनी हावेल यांचे 'लार्गो देसोलातो' इंग्रजीत आणले. त्यासाठी दुसऱ्या कुणी केलेल्या शब्दशः भाषांतराचा आधार त्यांना घ्यावा लागला. चेक भाषा त्यांच्यापाशी उरली नव्हती.

१९८२ च्या 'द रिअल थिंग'ने प्रेम आणि विश्वासघात यांवरही ते तितक्याच ताकदीने लिहू शकतात, हे दाखवून दिले. १९९३ चे 'आर्केडिया' अनेक समीक्षक त्यांची सर्वोत्तम कृती मानतात. एकाच वाड्यातील एकाच खोलीत १८०९ सालची माणसे आणि आजचे संशोधक वावरतात. गणित, बागकाम, कवी बायरन आणि एका बुद्धिमान मुलीचे अकाली मरण या साऱ्यांची त्यात गुंफण आहे. भूतकाळाविषयी आपण किती खात्रीने चुकीचे बोलतो, हा त्याचा गाभा होय.

भारताचे ऋण

भारतीय वाचकाला जवळचे वाटेल असे स्टॉपर्ड यांचे नाटक म्हणजे 'इंडियन इंक' (१९९५). 'इन द नेटिव्ह स्टेट' या १९९१ मधील नभोनाट्यातून ते आकाराला आले. फ्लोरा क्रू ही इंग्रज कवयित्री १९३० मध्ये जुम्मापूर या काल्पनिक संस्थानात येते. मिठाच्या सत्याग्रहाचे ते वर्ष. तेथील चित्रकार निराद दास तिचे चित्र काढू लागतो. इंग्रजी साहित्य आणि चित्रकला यांच्यावर त्याची भक्ती आहे आणि फ्लोराला खटकते ती नेमकी हीच गोष्ट. त्याने इंग्रजांसारखे होण्याची धडपड सोडावी, असे तिला वाटते. दोघांच्या संभाषणात रसशास्त्र येते, शृंगाररसाची चर्चा होते. अर्धशतकानंतर फ्लोराची बहीण आणि निरादचा मुलगा त्या चित्राचा मागोवा घेतात.

वसाहतवादाविषयी नाटक पुरेसे कठोर नाही, असा आक्षेप घेता येईल. पण दुसऱ्याची भाषा आणि अभिरुची अंगीकारताना माणूस काय मिळवतो आणि काय गमावतो, हा निराद दासचा प्रश्न खुद्द स्टॉपर्ड यांचाही होता. फ्लोराच्या भूमिकेत फेलिसिटी केन्डल होत्या. भारतभर शेक्सपिअरचे प्रयोग करणाऱ्या 'शेक्सपिअराना' या फिरत्या नाटक कंपनीबरोबर त्यांचे बालपण गेले होते.

हातावरचा व्रण

१९९३-९४ च्या सुमारास लंडनला आलेल्या एका चेक नातेवाईक महिलेने स्टॉपर्ड यांच्यासमोर कागदावर वंशवृक्ष काढला. घराण्यात काहीतरी ज्यू अंश आहे, इतकेच त्यांना तोवर ठाऊक होते. आजी-आजोबा चौघेही ज्यू होते आणि चौघेही नाझींच्या राजवटीत मारले गेले, हे त्यांना आता कळले. आईच्या तीन बहिणीही छळछावण्यांत गेल्या होत्या. आईचे १९९६ मध्ये निधन झाले. त्यानंतर सावत्र वडिलांनी 'स्टॉपर्ड' हे आडनाव वापरणे थांबवावे, असे त्यांना कळवले. सोव्हिएत ज्यूंसाठी ते करीत असलेले काम मेजरसाहेबांना रुचले नव्हते. ज्या नावाने जगाला ओळख झाली, ते नावही उसनेच ठरले.

१९९८ मध्ये ते झ्लिनला गेले. तेथे त्यांना एक वृद्ध स्त्री भेटली. लहानपणी काचेने कापलेल्या तिच्या हाताला डॉक्टर स्ट्राउस्लर यांनी टाके घातले होते. त्या व्रणाला स्टॉपर्ड यांनी स्पर्श केला. वडिलांची तेवढीच खूण त्यांना हाताने जाणवली, असे त्यांनी १९९९ मधील एका दीर्घ लेखात नोंदवले आहे.

त्यानंतरच्या लेखनात मागे वळून पाहणे वाढले. रशियन विचारवंत हर्झेन आणि बाकुनिन यांच्या निर्वासित जीवनावरील 'द कोस्ट ऑफ युटोपिया' (२००२) ही नाट्यत्रयी आली. 'रॉक अँड रोल' (२००६) चा नायक यान हा केंब्रिजमध्ये शिकणारा चेक तरुण असून, १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे शिरल्यावर तो मायदेशी परततो. आपणही परतलो असतो तर, या प्रश्नातून स्टॉपर्ड यांना हे पात्र सुचले.

त्यांचे अखेरचे नाटक 'लिओपोल्डश्टाट' २०२० च्या आरंभी लंडनमध्ये आले. कोरोनामुळे प्रयोग बंद पडले. पुढे ब्रॉडवेवर जाऊन २०२३ मध्ये त्याने टोनी पुरस्कार मिळवला. व्हिएन्नातील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबाची १८९९ ते १९५५ पर्यंतची ही कथा. आरंभी घरात नाताळचे झाड सजते आहे आणि एक लहान मूल त्याच्या शेंड्यावर ज्यूंचा षट्कोनी तारा लावते. कुटुंबप्रमुख हर्मन याने बाप्तिस्मा घेतला आहे. आपण आता पूर्ण ऑस्ट्रियन झालो, अशी त्याची खात्री आहे. १९३८ मध्ये हेच घर नाझी ताब्यात घेतात. अखेरच्या प्रवेशात लिओ हा इंग्लंडमध्ये वाढलेला तरुण लेखक येतो. मागचे त्याला जवळपास काहीच आठवत नाही. त्याच्या हातावर मात्र लहानपणीच्या जखमेचा व्रण आहे. मग वंशवृक्षातील एकेक नाव उच्चारले जाते आणि ते माणूस कोठे मारले गेले, हे सांगितले जाते.

ही कथा व्हिएन्नात घडते, झ्लिनमध्ये नव्हे. परंतु लिओ कोण, हे प्रेक्षकांना सांगावे लागत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कथांमध्ये अडकलेली माणसे रंगविणाऱ्या लेखकाने येथे स्वतःला कठड्यात उभे केले. मागचे विसरून जाण्याचे भाग्य लाभलेल्या माणसावर विसरल्याचा दोष येतो का, हा नाटकाचा प्रश्न आहे आणि त्याचे सोपे उत्तर ते देत नाही.

स्टॉपर्ड यांच्या निधनानंतर अवघ्या काही दिवसांत, डिसेंबर २०२५ मध्ये, लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरमध्ये 'इंडियन इंक' पुन्हा रंगमंचावर आले. तीस वर्षांपूर्वी फ्लोरा साकारणाऱ्या फेलिसिटी केन्डल या वेळी तिच्या वृद्ध बहिणीच्या भूमिकेत होत्या. फ्लोराची पत्रे जपून ठेवणारी आणि तिचे भारतातले दिवस आठवणारी ती बहीण.