जुन्या इंजिनाला तेल कोणते घालावे?



गेल्या हंगामात ऐन पौषात आमच्या शेतकी विभागाची जुनी डिझेल जीप अठरा दिवस जागेवर उभी राहिली. पाणंदी, ओढे आणि चिखल तुडवत या जीपने वर्षानुवर्षे उसाच्या नोंदी घेतल्या, तोडणीच्या चिठ्ठ्या पोहोचवल्या. ती बंद पडली ती म्हातारपणाने नव्हे, आमच्या चुकीने. तीच चूक आपल्या ट्रॅक्टरच्या बाबतीत होऊ नये, म्हणून हा लेख.

झाले असे. तेल बदलायची वेळ आली तेव्हा आम्ही दुकानातले सर्वांत महागडे तेल आणले. डब्यावर नव्या चकचकीत मोटारीचे चित्र होते. आमचा चालक म्हणाला, "साहेब, हे लई पातळ दिसतंय." आम्ही म्हणालो, "अरे, दुप्पट पैसे मोजलेत. वाईट कसं असेल?" चौथ्या दिवशी इंजिन तापल्यावर, गाडी उभी करून चालू ठेवली की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसू लागला. काटाच बिघडला असेल, असे म्हणून आम्ही गाडी तशीच दामटली. आठवड्याने आतून टकटक आवाज येऊ लागला. मेस्त्रींनी चेंबर खोलले तर बेअरिंगे खरवडून निघालेली आणि क्रँकवर रेघा उमटलेल्या.

तेल भेसळीचे नव्हते. ते उत्तमच होते, पण दुसऱ्या जातीच्या इंजिनासाठी. उसाच्या लागणीला आपण जमीन बघून बेणे निवडतो, महागडे बेणे म्हणून कुठेही लावत नाही. तेलाचेही तसेच आहे.

आकडे काय सांगतात?

डब्यावर '१५डब्ल्यू-४०' किंवा '२०डब्ल्यू-४०' असे लिहिलेले असते. ही तेलाच्या दाटपणाची खूण. गुऱ्हाळावर काम केलेल्याला हे चटकन समजेल. काहिलीतली गरम काकवी पाण्यासारखी धावते, तीच गार झाली की डब्यातून पडता पडत नाही. तेलही थंडीत दाट आणि तापल्यावर पातळ होते.

'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला वाहतेपणा दाखवतो. तो जितका लहान, तितके तेल पहाटेच्या गारठ्यात लवकर वर चढते. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते ते सांगतो. म्हणजे १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० ही दोन्ही तेले तापल्यावर एकाच वर्गातली. फरक काय तो पहाटे गाडी चालू करतानाचा.

आम्ही जीपमध्ये घातले होते ०डब्ल्यू-२०. नव्या मोटारींच्या इंजिनातल्या फटी अगदी बारीक असतात, त्यांना पातळ तेल चालते आणि इंधनही वाचते. जुने इंजिन मुळातच ३० किंवा ४० दाटीच्या तेलासाठी बनवलेले, त्यात झिजून फटी वाढलेल्या. तिथे पातळ तेल टिकत नाही, क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधला तेलाचा पापुद्रा फाटतो आणि धातूवर धातू घासतो. आपल्याकडच्या हवेत बहुतेक जुन्या डिझेल ट्रॅक्टर आणि जीपना १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० योग्य ठरते. तरीही गाडीचे पुस्तक जवळ असेल तर त्याचाच शब्द शेवटचा मानावा.

एक सावधगिरी. गिअर ऑइलच्या डब्यावर '९०' दिसतो म्हणून ते फार दाट, जुन्या इंजिनाला बरे, असे काहीजण समजतात. गिअर तेलाचा ९० आणि इंजिन तेलाचा ४० हे एका मापाचे आकडेच नव्हेत. शेर आणि किलो एकत्र करण्यासारखे ते आहे. गिअरचे तेल इंजिनात घालू नये आणि इंजिनाचे हायड्रॉलिकमध्ये ओतू नये.

अक्षरे काय सांगतात?

आकड्यांशेजारी 'एपीआय' असे लिहून दोन अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर 'एस' असेल तर तेल पेट्रोल इंजिनाचे, 'सी' असेल तर डिझेलचे. जुन्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात 'सीसी' किंवा 'सीडी' लिहिलेले आढळते. ते वर्ग आता मागे पडले. 'सीडी'च्या जागी आज 'सीएच-४' किंवा 'सीआय-४' तेल खुशाल वापरता येते. २०१६ साली आलेले 'सीके-४' हेही चालते, पण धुराड्यात काजळीची गाळणी असलेल्या नव्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ते बनवले आहे. आपल्या जुन्या गाडीला अशी गाळणीच नाही, तेव्हा त्यासाठी जादा पैसे कशाला? 'एफए-४' मात्र घेऊ नये. ते नव्या इंजिनांचे पातळ तेल आहे.

स्वस्ताईचे सोंग

आमची चूक महागाईची, तर आमच्या एका वयस्क सभासदांची स्वस्ताईची. गावात त्यांना सगळे आण्णाच म्हणतात. त्यांनी पिंपातले सुट्टे तेल लिटरवर घेतले. पुढे ट्रॅक्टर निळा धूर सोडू लागला. कुणी सांगितले, "आण्णा, आणखी जाड तेल घाला, धूर जाईल." धूर थोडा कमी झाला, रोग तसाच राहिला. शेवटी ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या चढावर उभ्या राहिल्या आणि हाफ इंजिनचे काम निघाले. तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडावा, तो दोन दिवस उन्हात वाळला. वजनकाट्यावर घटले ते वेगळेच. आण्णा आम्हाला म्हणाले, "तेलात चार पैसे वाचवले आणि उसात घालवले."

निळा धूर म्हणजे इंजिन तेल खाते आहे. रिंगा झिजल्या असतील तर त्या बदलायलाच हव्यात, दाट तेल हे त्यावर औषध नव्हे. तेल नेहमी सीलबंद डब्यातले घ्यावे आणि पावती घ्यावी.

तेल बोलते, ऐकावे

डिझेल इंजिनात नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते. घाबरू नये. काजळी धुऊन ती आपल्यात धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे. पण तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले, हेड गॅस्केट पाहावे. पट्टीवर तेल घटण्याऐवजी वाढले आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल आत गळते आहे. अशा वेळी गाडी चालू करू नये.

पट्टी पाहायची ती सकाळी, सपाट जागी, इंजिन गार असताना. वरच्या खुणेच्या वर तेल भरणेही वाईटच.

साध्या तेलावर वर्षानुवर्षे चाललेले इंजिन असेल तर नवे तेल आतला साचलेला गाळ सोडवते आणि फिल्टर तुंबतो. म्हणून अशा इंजिनात पहिल्या खेपेचे तेल आणि फिल्टर लवकर बदलून टाकावेत.

पूर्वी डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असे, त्याच्या आम्लाने तेल लवकर निकामी होई. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलात गंधक दहा लाखांत दहा भागांपेक्षा अधिक नसते. म्हणून तेल दुप्पट तास चालवावे काय? नाही. गंधक गेले तरी आपल्या रस्त्यांची धूळ गेलेली नाही. पुस्तकात दिलेल्या तासांनाच तेल बदलावे. आणि एअर क्लीनरच्या वाटीतले तेल विसरू नये. हंगामात ती वाटी रोज उघडून पाहावी, गाळ बसला असेल तर धुऊन खुणेपर्यंत ताजे तेल भरावे. तिथून सुटलेली धूळ थेट सिलिंडरात जाते, मग चेंबरमध्ये कितीही चांगले तेल असो.

काढलेले जळके तेल पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

बैलगाडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय आपल्या वाडवडिलांनी कधी लांबचा पल्ला धरला नाही. कोणत्या गाडीला किती आणि कधी, हे त्यांना पाठ असे. आपल्याला पाठ करायची गरज नाही, लिहून ठेवले तरी पुरे. आमची जीप आता पुन्हा रस्त्यावर आली आहे. तिच्या बॉनेटच्या आतल्या अंगाला चालकाने पांढऱ्या रंगाने लिहिले आहे : १५-४०, सीआय-४. खाली तेल बदलल्याची तारीख. येत्या मोळीपूजनाआधी आपणही आपल्या ट्रॅक्टरवर एवढे लिहून घ्यावे, ही विनंती.