कृत्रिम झडप आणि ज्वर : वैद्याचे प्रथम कर्तव्य

भीमाकाठच्या मांडवगण फराटा परिसरात तापाचा रुग्ण पुष्कळदा प्रथम गावातील वैद्यांकडेच येतो. छातीच्या मध्यभागी शस्त्रक्रियेचा उभा व्रण, नित्य चालू असलेली वारफेरिनची गोळी आणि ‘आठ दिवस अंगात कणकण आहे’ ही तक्रार, असा रुग्ण समोर बसल्यास लेखणी उचलण्यापूर्वी थांबणे अगत्याचे आहे.

ऱ्हुमॅटिक ज्वराने निकामी झालेल्या झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसविल्याने अनेकांना नवे आयुष्य लाभले. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झालेली भारतीय झडप १९९० साली प्रथम रुग्णात बसविली गेली. याच शल्यचिकित्सकांनी पुढे चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्यावर ग्रंथरचना केली, हे आपणांस विशेष अभिमानास्पद होय.

परंतु कृत्रिम झडप हा शरीरास परका पदार्थ. दात, त्वचा वा मूत्रमार्गातून रक्तात शिरलेले जीवाणू तिला चिकटून थर धरतात. या थरात औषध पुरेसे पोहोचत नाही. झडप सैल होणे, श्वास लागणे, थराचा तुकडा मेंदूत जाऊन पक्षाघात होणे असे उपद्रव संभवतात. चरकोक्त पंचविध हृद्रोगांतील कृमिज हृद्रोगाचे येथे स्मरण होते. तथापि केवळ नामसाम्यावरून तीच चिकित्सा योजणे धोक्याचे ठरेल.

अशा रुग्णास अन्य स्पष्ट कारणावाचून ज्वर असल्यास जंतुसंसर्गाची शंका प्रथम घ्यावी. येथे सर्वांत मोठी चूक म्हणजे अंदाजाने दोन-तीन दिवसांचे प्रतिजैविक देणे. त्याने ताप तात्पुरता उतरतो, मात्र रक्तातील जीवाणू तपासणीत सापडेनासे होतात आणि निदान लांबते. प्रतिजैविकापूर्वी ब्लड कल्चरसाठी निरनिराळ्या ठिकाणांहून किमान तीन वेळा रक्त घेणे व इकोकार्डिओग्राफी करणे आवश्यक असते. उपचार रुग्णालयातच, शिरेवाटे, साधारणतः सहा आठवडे चालतात; काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. म्हणून ज्वरघ्न कल्पांत दिवस न दवडता रुग्णास चिठ्ठीसह हृद्रोगतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे.

प्रतिबंध मात्र आपल्या हाती आहे. दंतधावन व मुखशुद्धीचा दिनचर्येतील उपदेश या रुग्णांस आग्रहाने करावा. दात काढण्यापूर्वी झडपेची माहिती दंतवैद्यांस देण्यास सांगावे, म्हणजे प्रतिबंधक मात्रा आधी देता येते. वारफेरिन चालू असता रक्तमोक्षण टाळावे. नवे औषध हृद्रोगतज्ज्ञांस विचारूनच द्यावे. योग्य वेळी रुग्ण पुढे पाठविणे हीदेखील चिकित्साच होय.