माथेरानला वजन किती घटते?

नेरळहून मिनी ट्रेनने माथेरान गाठले की माणसाचे वजन खरोखरच घटते. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर, तर माथेरान सुमारे ८०० मीटरवर. पृथ्वीच्या केंद्रापासून दूर जावे तसे गुरुत्वाकर्षण क्षीण होते. ६० किलोच्या माणसामागे फरक पडतो साधारण १० ग्रॅमचा! तोही तागडीवर कळत नाही, कारण पलीकडच्या पारड्यातली वजनेही तितकीच हलकी होतात. त्यासाठी स्प्रिंगचा काटा हवा, आणि तोही फार नाजूक.

मग या फरकावरून उलट गणित करून उंची काढता येईल का? मोबाइलवर गुरुत्वत्वरण दाखवणारी अ‍ॅप मिळतात. कर्जत-खालापूर भागात ते सेकंदाच्या वर्गाला ९.७८६ मीटरच्या आसपास असते आणि माथेरानवर ०.००१६ने कमी. फोनच्या आकड्यातली चूकच याहून कितीतरी मोठी. ट्रेकर मंडळींची घड्याळे उंची सांगतात ती बहुधा हवेच्या दाबावरून. तिथेही पावसाळी हवेत दाब उतरला की जागेवर बसल्या बसल्या उंची वाढते!

भूभौतिकशास्त्रज्ञांचे गुरुत्वमापक मात्र मिलिगलचा शंभरावा भाग टिपतात. मिलिगल म्हणजे गुरुत्वत्वरणाचा साधारण दहा लाखावा भाग. हवेत सरळ वर गेल्यास दर मीटरला ०.३ मिलिगल घट होते. म्हणजे तीन-चार सेंटिमीटरची चढणही कळावी. पण माथेरान म्हणजे फुगा नव्हे. पायाखाली बेसॉल्टचा डोंगर असतो आणि तो आपल्याला खाली ओढतो. त्यामुळे घट दर मीटरला ०.२ मिलिगलच्या आसपासच भरते. डोंगर हिशेबात धरला नाही, तर ७६० मीटरची चढण पाचशेच्या आसपासच निघेल. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर यांनी अठराव्या शतकात अँडीज पर्वतात लंबकाचे हेलकावे मोजून हा गुंता ओळखला होता.

खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्याला गेलात, तर गणित पुन्हा बदलते. तिथे एका अंगाला पठार, दुसऱ्या अंगाला दरी. शिवाय किलोमीटरभर उत्तरेला सरकले तरी अर्धा मिलिगल वाढतो, म्हणजे उंचीत दोन-अडीच मीटरची चूक.

म्हणून शास्त्रज्ञ उलट वाटेने जातात. उंची वेगळ्या साधनाने मोजून तिचा परिणाम वजा करायचा. उरते ते जमिनीखालच्या खडकांचे. मुंबईच्या किनारपट्टीवर असे गुरुत्व अपेक्षेपेक्षा जास्त भरते, आणि त्याचे कारण बेसॉल्टच्या थरांखाली खोलवर असलेल्या जड खडकांत शोधले जाते.