स्मृतिभ्रंश टाळणारा खेळ : विकत घेण्याआधी हे वाचा

घरातली आजी एकच गोष्ट दहादा विचारते, रोजच्या वाटेवर चुकते, गॅस बंद करायला विसरते. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून आपण सोडून देतो. पण वयाप्रमाणे थोडे विसरणे वेगळे आणि रोजचे व्यवहार बिघडवणारा स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, वेगळा. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. पुरुषांपेक्षा बायकांत त्याचे प्रमाण जास्त आढळले.

हा आजार पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. त्यामुळे तो टाळण्याच्या वस्तूंचा बाजार वाढतो आहे. व्यायामाचे व्हिडिओ गेम त्यातलेच.

खेळ कसा असतो?

स्वित्झर्लंडमधले ‘डिविडॅट सेन्सो’ हे यंत्र पाहा. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेली कंपनी ते बनवते. पायाखाली दाब ओळखणारी फळी, समोर पडदा, धरायला कठडा. पडद्यावर खूण दिसली की त्या दिशेला पाऊल टाकायचे, चुकीची खूण आली तर पाय आवरायचा. जमू लागले की खेळ अवघड होतो. पाय हलतात, तोल सांभाळावा लागतो आणि त्याच वेळी मेंदू निर्णय घेत असतो. खुर्चीत बसून कोडे सोडवण्यात हे होत नाही.

बेल्जियममध्ये याच यंत्रावर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्मृतिभ्रंश झालेले, संस्थेत राहणारे ४५ वृद्ध होते. एका गटाने आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटे हा खेळ खेळला. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ आवडीच्या गाण्यांचे व्हिडिओ पाहिले. खेळणाऱ्यांची चाल आणि आकलन सुधारले, उदासीही कमी झाली.

बातमी चांगली आहे. पण माणसे थोडी होती आणि त्यांना आजार आधीच झालेला होता. आजार झाल्यावर आधार मिळणे आणि आजार होऊच न देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेता नेमका हाच फरक गाळतो. अमेरिकेत ‘लुमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या कंपनीने स्मृतिभ्रंश लांबवण्याचे दावे जाहिरातीत केले होते. ते पुराव्याविना केल्याचा आरोप तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने ठेवला आणि २०१६ साली कंपनीला वीस लाख डॉलर भरावे लागले.

पैसे कोण भरणार?

जर्मनीत ‘मेमोरबॉक्स’ नावाचा खेळ वृद्धाश्रमांत पोहोचला आहे. कॅमेऱ्यासमोर हात-अंग हलवून आजी-आजोबा पडद्यावर बोलिंग खेळतात, टपाल वाटतात. तिथे ‘बार्मर’ या आरोग्य विमा संस्थेने खर्चाला हात दिला. शुश्रूषा विम्याने वृद्धाश्रमांतल्या आजार-प्रतिबंधावर खर्च करावा, असा कायदाच २०१५ साली झाला आहे. म्हणजे यंत्र आजीच्या पेन्शनमधून आले नाही, व्यवस्थेने आणले. आपल्याकडे असे यंत्र आले तर ते सरकारी दवाखान्यात येणार की फक्त महागड्या रुग्णालयात, हे आपण आत्तापासून विचारायला हवे.

आपण आज काय करायचे?

कोणी ‘स्मृतिभ्रंश टाळणारे’ ॲप किंवा यंत्र विकायला आले, तर विचारा : अभ्यास किती लोकांवर झाला? ते निरोगी होते की आजारी? किती काळ पाहिले? उत्तर मिळाले नाही तर पैसे देऊ नका.

‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ साली सांगितले की चौदा कारणे आटोक्यात आली, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील. कमी शिक्षण, बहिरेपणा, अधू नजर, बीपी, शुगर, बिडी-सिगारेट, अति दारू, डोक्याला मार, बसून राहणे, एकटेपणा, नैराश्य, हवेचे प्रदूषण ही त्यातली काही. म्हणून बीपी-शुगर नियमित तपासा, कान आणि मोतीबिंदू दाखवून घ्या.

व्यायामही बिनपैशाचा होतो. समाजमंदिरात चार आजी-आजोबा भिंतीजवळ उभे करा. एकाने शब्द सांगायचे : भाजीचे नाव आले की उजवे पाऊल पुढे, भांड्याचे आले की डावे, माणसाचे नाव आले की जागेवर थांबायचे. दहा मिनिटे पुरे. यंत्रावरचे निष्कर्ष याला लावू नका. पण शरीर हलते, डोके चालते आणि चार माणसे भेटतात. तोल जाणाऱ्याशेजारी कोणीतरी उभे राहा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबा.

विसरणे वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. अचानक बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हात-पाय लुळा पडला तर एक मिनिटही थांबू नका, १०८ला फोन करा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. तो नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.