वेताळाचा प्रश्न : कुमारवाचकांसाठी भयाद्भुत कथा आणि मराठी कथापरंपरा

सारांश :

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या भयप्रधान अद्भुत कथा हा पाश्चात्य साहित्यातून आलेला प्रकार आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. या प्रकाराचा एक अतिशय जुना व प्रगल्भ नमुना गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानाशी, म्हणजे आजच्या पैठणशी, निगडित आहे. वेताळकथांच्या आधारे या कथाप्रकाराचे स्वरूप स्पष्ट करणे आणि ग्रामीण मराठवाड्यातील कुमारवाचकाच्या दृष्टीने त्याची उपयुक्तता तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रस्तावना :

ज्या कथेत अद्भुत सृष्टी असते, परंतु ती सृष्टी सुखद नसते. जेथे चमत्काराची किंमत मोजावी लागते आणि शेवट गोड होईलच याची शाश्वती नसते, अशा कथेला इंग्रजीत 'डार्क फॅन्टसी' म्हटले जाते. नील गेमन यांच्या 'कोरालाइन' (2002) आणि 'द ग्रेव्हयार्ड बुक' (2008) या कादंबऱ्यांमुळे कुमारवाचकांत या प्रकाराला मोठी लोकप्रियता लाभली. त्यांपैकी दुसऱ्या कादंबरीला 2009 साली न्यूबेरी पदक मिळाले. अशा कलाकृतींना समीक्षेत आता बालसाहित्याइतकेच गांभीर्याने घेतले जाते.

साखरा (ता. सेनगाव, जि. हिंगोली) यासारख्या गावातील शिक्षकापुढे मात्र एक वेगळा प्रश्न उभा राहतो. मराठवाड्याच्या ग्रामीण भागात करणी, भानामती या शब्दांची भीती अद्याप पुरती ओसरलेली नाही. अशा परिसरातील मुलांच्या हाती स्मशान, प्रेत आणि वेताळ यांच्या गोष्टी द्याव्यात काय? त्यामुळे अंधश्रद्धा बळावणार नाही काय? या शंकेचे उत्तर शोधण्यापूर्वी या कथाप्रकाराचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

संकल्पनेचे स्वरूप :

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. त्यांत भयानक रसाचा स्थायीभाव भय, तर अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय आहे. प्रस्तुत कथाप्रकारात हे दोन्ही भाव एकत्र नांदतात. म्हणून 'भयाद्भुत कथा' ही संज्ञा येथे योजली आहे. केवळ भयकथेत वाचकाला दचकवणे हे प्रमुख साध्य असते. परीकथेत संकट येते, पण ते टळणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. गूढकथेत रहस्याची उकल महत्त्वाची ठरते. भयाद्भुत कथेत मात्र एक संपूर्ण वेगळे जग उभे राहते, त्याला स्वतःचे कठोर नियम असतात आणि त्या नियमांच्या कचाट्यात सापडलेल्या पात्राला निर्णय घ्यावा लागतो. हा निर्णय हेच या कथेचे केंद्र होय.

लघुकथेचा आकार या प्रकाराला विशेष मानवतो. अनोळखी जगाचा एकच नियम आणि एकच पेच एका बैठकीत वाचून संपतो, पण त्यावरील विचार मात्र संपत नाही.

प्रतिष्ठानची परंपरा :

भारतीय कथासाहित्याचा एक मूळ स्रोत मानली जाणारी गुणाढ्याची 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाही. तिची संस्कृत रूपे मात्र टिकून आहेत. परंपरेनुसार गुणाढ्य हा सातवाहन राजाच्या दरबारी होता. एका पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषांचा त्याग केला व पैशाची भाषेत, शाईअभावी स्वतःच्या रक्ताने, सात लक्ष श्लोकांची कथा लिहिली. राजाने ती नाकारली तेव्हा त्याने अरण्यात अग्निकुंड पेटवले. एकेक पान वाचून तो ते अग्नीत टाकू लागला आणि वनातील पशू चारापाणी सोडून अश्रू ढाळीत ऐकत राहिले. राजा धावत आला तेव्हा केवळ एक लक्ष श्लोक शिल्लक होते. पिशाचांच्या भाषेत, रक्ताने लिहिलेली आणि अर्ध्याहून अधिक जळून गेलेली कथा, ही आख्यायिका स्वतःच एक भयाद्भुत कथा आहे.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या कथा येतात. त्यांचा नायक त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीचा राजा आहे. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू त्याला दररोज एक फळ भेट देतो. दहा वर्षांनंतर एक माकड त्यातील एक फळ फोडते, तेव्हा आत रत्न दडलेले असल्याचे उघडकीस येते. या उपकाराच्या बदल्यात भिक्षू राजाकडे मदत मागतो. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात यावे आणि शिंशपा वृक्षाला लटकणारे प्रेत आणून द्यावे, अशी त्याची मागणी असते. त्या प्रेतात वेताळाचा वास आहे. राजा ते खांद्यावर घेऊन निघतो आणि वेताळ वाट सरावी म्हणून कथा सांगू लागतो.

प्रत्येक कथेच्या शेवटी एक प्रश्न असतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. आणि बोलला, तर वेताळ पुन्हा झाडाकडे परतेल. ज्ञान असूनही मौन पाळणे हा येथे मृत्यूदंडाला पात्र अपराध ठरतो. कुमारवयीन वाचकासाठी यापेक्षा अर्थपूर्ण नियम क्वचितच कोणत्या कथेने घालून दिला असेल.

वेताळाच्या प्रश्नांचे मर्म :

यांतील दोन कथा उदाहरणादाखल पाहता येतील. एका कथेत मंदारवती या तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या तीन इच्छुक वरांपैकी एक तिच्या राखेवर शय्या करून राहतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो आणि तिसरा संजीवन मंत्र मिळवून तिला जिवंत करतो. मग ती कोणाची पत्नी? राजाच्या मते जीवन देणारा पित्यासमान, अस्थी नेणारा पुत्रासमान. म्हणून राखेजवळ राहिला तोच पती. दुसऱ्या कथेत चार भाऊ आपापल्या विद्येने एका मृत प्राण्याची हाडे, मांस, कातडी व अवयव सिद्ध करून शेवटी त्यात प्राण ओततात. तो सिंह असतो आणि तो चौघांनाही ठार करतो. दोष कोणाचा? ज्याने प्राण दिले त्याचा, असे राजा सांगतो.

ही उत्तरे आजच्या विद्यार्थ्याला पटतीलच असे नाही. मंदारवतीला स्वतःला काय हवे होते, हे कोणीच विचारले नाही, असे एखादी विद्यार्थिनी सहज म्हणेल. पहिल्या तीन भावांची जबाबदारी शून्य कशी, असेही कोणी विचारील. नेमके येथेच या कथेचे शैक्षणिक मूल्य आहे. लॉरेन्स कोलबर्ग यांनी 1958 च्या आपल्या प्रबंधात मुलांपुढे नैतिक पेच ठेवून त्यांच्या उत्तरांपेक्षा उत्तरामागील कारणांचा अभ्यास केला. वेताळाची पद्धतही याहून फार दूरची नाही. ब्रूनो बेटलहाइम यांनी 1976 मध्ये परीकथांतील क्रूर व भयप्रद अंश मुलाला स्वतःच्या भीतीला आकार देण्यास साहाय्य करतो, असे मत मांडले होते. वेताळकथा त्यापुढे एक पाऊल टाकते : ती भीतीला आकार देऊन थांबत नाही, तर निवाडा मागते.

खरा धोका कोणाचा?

चोविसाव्या प्रश्नाला राजाकडे उत्तर नसते, म्हणून तो निरुत्तर चालत राहतो. तेव्हा प्रसन्न झालेला वेताळ त्याला सत्य सांगतो : भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घालण्यास सांगेल, तेव्हा 'आधी करून दाखव' असे म्हण. राजा तसे करतो आणि वाकलेल्या भिक्षूचे मस्तक उडवतो.

प्रस्तावनेत उपस्थित केलेल्या शंकेचे उत्तर या शेवटात सामावलेले आहे. ज्याचे भय वाटत होते तो प्रेतातील वेताळ हितकर्ता निघतो; आणि ज्याच्यावर श्रद्धा होती, जो रोज रत्ने देत होता, तो साधुवेषधारी नरबळीच्या तयारीत असतो. महाराष्ट्रात 2013 साली नरबळी व इतर अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथांना आणि जादूटोण्याला प्रतिबंध करणारा कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हाही त्यानुसार गुन्हा आहे. या कायद्यामागील विवेक मुलांना समजावून सांगण्यासाठी प्रतिष्ठानच्या राजाची ही जुनी कथा प्रभावी साधन ठरू शकते. चमत्कार दाखवणाऱ्याला 'आधी करून दाखव' असे म्हणण्याचे धैर्य ती शिकवते.

मराठीतील पुढील वाटचाल :

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातच या परंपरेला स्थान मिळाले. 1814 साली बंगालमधील श्रीरामपूर येथे 'सिंहासनबत्तिशी' छापली गेली. पुढे सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 1830 च्या सुमारास 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. 1952 पासून मराठीत निघू लागलेल्या 'चांदोबा' मासिकाने विक्रम-वेताळाला घराघरांत पोहोचवले. मूळच्या कथा संपल्यावरही त्याच चौकटीत नव्या कथा रचल्या गेल्या. खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेल्या राजाचे चित्रकार शंकर यांनी रेखाटलेले चित्र कित्येक पिढ्यांच्या स्मरणात आहे.

आधुनिक काळात नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) यांनी भय व गूढ यांना मराठीत स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. धारपांच्या 'समर्थ' कथांतील दुष्ट शक्ती बहुधा बाहेरून येते आणि तिचा मुकाबला करावा लागतो. मतकरींच्या गूढकथेत ती बहुधा माणसाच्या मनातच दबा धरून बसलेली असते. 'तुंबाड' (2018) या हिंदी चित्रपटामागेही धारपांच्या कथेची प्रेरणा होती. तथापि हे लेखन प्रामुख्याने प्रौढ वाचकांना उद्देशून झाले. मतकरींनी बालरंगभूमीसाठी राक्षस आणि चेटकीण रंगवली, ती हसतखेळत. परिणामी बालवाचकाला गंमत आणि प्रौढ वाचकाला भय अशी विभागणी झाली. तेरा ते अठरा या वयाचा वाचक या दोहोंच्या मध्ये राहिला. आज तो ही भूक मोबाइलच्या पडद्यावर भागवतो; तेथे भय मिळते, प्रश्न मात्र मिळत नाही.

कथानिवडीचे निकष :

शालेय ग्रंथालयासाठी वा वर्गवाचनासाठी कथा निवडताना पुढील बाबी विचारात घ्याव्यात.

1) कथेतील अद्भुत सृष्टीला निश्चित नियम असावेत. काहीही घडू शकते अशा जगात निर्णयाला अर्थ उरत नाही.

2) चमत्काराची किंमत कोणीतरी मोजलेली दिसावी.

3) भयाचे ओझे समाजातील दुर्बल घटकावर टाकलेले नसावे. एकाकी वृद्ध स्त्रीला सहज 'चेटकीण' ठरवणारी कथा प्रत्यक्षातील छळाला बळ देते. अशी कथा वर्गात आणायचीच असेल, तर तिची चिकित्सा करण्यासाठीच आणावी.

4) शेवट वाचकाला विचार करण्यास जागा देणारा असावा.

अध्यापनाच्या दृष्टीने सोपी पद्धत अशी की, शिक्षकाने कथा प्रश्नापर्यंत वाचावी व तेथे थांबावे. विद्यार्थ्यांनी आपले उत्तर कारणांसह लिहावे. त्यानंतर राजाचे उत्तर वाचून त्याच्याशी वाद घालावा. यासाठी एक तास आणि एक पुस्तक पुरेसे आहे.

निष्कर्ष :

1) भयाद्भुत कथा हा मराठी वाचकाला परका प्रकार नाही, त्याची एक मुख्य कथामाला गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात घडते.

2) या प्रकाराचे सामर्थ्य भयात नसून भयाच्या सान्निध्यात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात आहे.

3) योग्य निवड व चर्चा यांची जोड मिळाल्यास अशी कथा अंधश्रद्धा वाढवत नाही; उलट भयाचा व्यापार करणाऱ्याला ओळखण्याची दृष्टी देते.

4) कुमारवाचकांसाठी मराठीत नव्या भयाद्भुत कथांची निर्मिती होणे अगत्याचे आहे. गावातील ओढा, पडका वाडा, सुकलेली विहीर आणि अवर्षणाची सावली यांतून मराठवाड्याचा लेखक ती समर्थपणे घडवू शकेल. प्रश्न विचारणारा वेताळ आपल्याकडे आहेच. त्याला नव्या पिढीच्या खांद्यावर बसवणे तेवढे बाकी आहे.