काळवीट आणि त्याचं अंतर

शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूर संस्थानात काळविटाची शिकार बैलगाडीतून होई. गाडीवर डोळ्यांना टोपी बांधलेला चित्ता, शेजारी त्याचा चित्तेवान. कळपाकडे गाडी सरळ कधीच हाकायची नाही. तिरकी न्यायची, वळसे घेत. काळविटं मान वर करत, बघत आणि पुन्हा चरू लागत. बैलगाडी त्यांच्या रोजच्या पाहण्यातली होती, तिनं कधी अपाय केला नव्हता. पुरेसं जवळ गेलं की चित्तेवान टोपी काढी आणि पुढचा खेळ काही क्षणांत संपे, एक तर चित्त्याच्या बाजूनं नाही तर काळविटाच्या. चित्त्याचा दम छोटा. पहिल्या धावेत सावज हाती लागलं नाही, तर तो सरळ बसून घेई.

काळवीट स्वतःला कसं वाचवतं, हे या शिकारीइतकं उघड दुसऱ्या कशातून दिसत नाही. ते शिंगांवर विसंबत नाही. ती पीळदार शिंगं मुख्यतः नराला असतात आणि त्यांचा खरा उपयोग दुसऱ्या नराशी झुंजायला. त्याचा सगळा भरवसा मोकळ्या माळावर, डोळ्यांवर, पायांवर आणि शत्रू किती लांब आहे याच्या हिशेबावर. लांडगा दूरवर दिसला म्हणून कळप उधळत नाही. प्रत्येक पळण्याची किंमत चरण्याच्या वेळातून मोजावी लागते. म्हणून ठरावीक अंतरापर्यंत नुसतं बघायचं, ते ओलांडलं की चौखूर सुटायचं. गाडीला मात्र या हिशेबात जागाच नव्हती.

शिंगांचं तर पारध्यांनी हत्यारच केलं. पाळलेल्या नराच्या शिंगांना फास बांधून त्याला रानातल्या नराच्या हद्दीत सोडत. हद्दीचा मालक चालून येई, शिंगात शिंग अडके आणि फास आवळला जाई. लांडग्यासमोरून पळणारं जनावर आपल्याच जातभाईसमोर पाय रोवून उभं राहतं, हे शास्त्रज्ञांनी लिहून ठेवण्याच्या कितीतरी आधी पारध्यांना ठाऊक होतं.

पळण्याआधी किंवा पळताना काळविटं मध्येच चारी पाय ताठ करून उंच उड्या मारतात. जीव वाचवायचा, तर वर कशाला उडायचं? जीवशास्त्रज्ञ अमोत्झ झहावी यांनी १९७५ मध्ये एक चमत्कारिक वाटणारी कल्पना मांडली: ज्याला परवडतं तोच असला महागडा दिखावा करू शकतो, आणि म्हणूनच त्यावर विश्वास ठेवता येतो. उड्या मारणारी जनावरं शत्रूला जणू सांगत असतात, ‘माझ्यामागे लागू नकोस, फुकट दमशील.’ १९८८ मध्ये फिट्झगिबन आणि फॅनशॉ या संशोधकांनी आफ्रिकेतल्या सेरेंगेटीमधल्या थॉमसन गझेलांवरचं काम प्रसिद्ध केलं. तिथले रानकुत्रे कमी वेळा उड्या मारणाऱ्या गझेलांना निवडत होते. गझेल हे काळविटाचं जवळचं नातेवाईक. उडीचा अर्थ आपल्या माळावरही तोच असावा, असं मला वाटतं.

शिकारीच्या त्या काळातच इथला चित्ता संपत आला होता. कोल्हापूर आणि भावनगरच्या दरबारांनी शेवटी शेवटी शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले. १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानाच्या राजानं तीन चित्ते मारले, आणि १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. मागे उरला लांडगा. तो ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या काळविटाला निव्वळ वेगात गाठू शकत नाही. अमेरिकेतल्या प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याबद्दल जीवशास्त्रज्ञ जॉन बायर्स यांनी म्हटलं आहे की, त्याचा वेग हा केव्हाच नष्ट झालेल्या शिकाऱ्यांचा वारसा आहे. तिथे त्याला हजारो वर्षं लोटली. आपल्याकडे तो शिकारी आजोबांच्या पिढीपर्यंत होता.

बंदूक आणि जीप आली तेव्हा अंतराचा हिशेब कोलमडलाच. लांडग्यासाठी सुरक्षित असलेलं अंतर गोळीच्या टप्प्यात येई. रात्री जीपच्या झोतात डोळे दिपून जनावर जागीच उभं राही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातलं. १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरी अभयारण्य झालं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा जागेत कळप मावतो कसा? तो आसपासच्या ज्वारीत जातो आणि शेतकरी वैतागतो. त्याचं वैतागणं मला चूक वाटत नाही.

कायद्यानं गोळीला आळा घातला, पण माळ वाचवला नाही. गवताळ जमीन म्हणजे पडीक जमीन, अशी आपली जुनी समजूत. त्यामुळे तिथे झाडं लावणं पुण्याचं काम ठरलं. कर्नाटकात राणेबेन्नूरला तर काळविटांच्याच अभयारण्यात निलगिरी लावली गेली. झाडीत चौशिंगा जगतो, कारण तो दडून बसतो. दूरचं दिसलं नाही, तर काळविटाची अर्धी ताकद गेलीच.

दडून राहतं ते फक्त पाडस. पहिले काही दिवस ते गवतात निपचित पडून असतं, आई मुद्दाम लांब चरते आणि पाजण्यापुरती येते. लांडग्याला चुकवायला ही युक्ती चांगली. पण गावची मोकाट कुत्री वासावर येतात, आणि भली माणसं ‘आईनं टाकलं’ म्हणून पाडस उचलून घरी नेतात. यातली दुसरी गोष्ट तरी सांगून टाळता येईल.

२०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या शाजापूर भागात पिकांची नासाडी थांबवायला शेकडो काळविटं पकडली गेली. हेलिकॉप्टर मागे लागलं, कळप नेहमीसारखे मोकळ्या दिशेनं सुटले, आणि ती मोकळी दिशा निमुळत्या होत जाणाऱ्या कुंपणात, म्हणजे बोम्यात, संपत होती. तिथून त्यांना गाड्यांत भरून दूरच्या रानांत सोडण्यात आलं. त्यांतलं एक गांधीसागर. तिथे त्याच वर्षीच्या एप्रिलात आफ्रिकेतून आलेले चित्ते सोडले होते.