किडनीच्या रुग्णाच्या हातावरची गाठ

डायलिसिस उल्हासनगरला, घर बदलापूरला आणि हात दाखवायचा तो गल्लीतल्या दवाखान्यात, अशी आपल्याकडे पुष्कळांची तऱ्हा असते. त्यामुळे हातावर गाठ आली की तपासणाऱ्या डॉक्टरांना किडनीचा आजार ठाऊकच नसतो. घोटाळा इथेच होतो.

मनगटाजवळ किंवा कोपरापाशी असलेली, बोट ठेवताच थरथरणारी गाठ बहुधा फिस्च्युलाची फुगलेली शीर असते. डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली ही वाट. साधी गाठ समजून ती चिरली तर रक्त आवरणे कठीण! तिथे चोळणेही नको.

बोटांच्या सांध्यांभोवतीची कडक, हळूहळू वाढणारी, फारशी न दुखणारी गाठ मात्र वेगळी. किडनी निकामी झाली की फॉस्फरस शरीराबाहेर पडत नाही. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात तो साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असतो. तो बराच काळ वाढलेला राहिला की कॅल्शियमशी मिळून सांध्यांभोवती अक्षरशः चुना साचतो. गाठ फुटली तर पांढरा लगदा येतो. लोक त्याला पू समजतात आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू होतात!

युरिक ॲसिडच्या, म्हणजे गाऊटच्या गाठीतूनही असाच पांढरा पदार्थ निघतो. नुसत्या नजरेने फरक करू नये. साध्या एक्स-रेत चुन्याची गाठ ढगासारखी पांढरी शुभ्र उमटते; गाऊटची सहसा तशी दिसत नाही. जोडीला रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, युरिक ॲसिड व पॅराथायरॉईड हार्मोन तपासावे. शंका उरलीच तर सुईने काढलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अनेक वर्षे डायलिसिस घेणाऱ्यांत एक प्रकारचे प्रथिन मनगटात साठते आणि रात्री अंगठा व शेजारच्या बोटांना मुंग्या येतात. तेही सांगावे.

चुन्याची गाठ लगेच कापून उपयोग थोडाच. फॉस्फरस चढलेला असेल तर ती पुन्हा येऊ शकते. आधी डायलिसिस पुरेसे हवे, फॉस्फरस रोखणाऱ्या गोळ्या जेवणासोबतच घ्याव्यात (उपाशीपोटी घेतल्या तर जवळजवळ वाया!) आणि सुकट-बोंबील, चीज, कोला आवरावे. पॅराथायरॉईड ग्रंथी फार वाढल्या असतील तर त्यांची शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतर काहींच्या गाठी काही महिन्यांत विरतात.

कोणत्याही दवाखान्यात जाताना डायलिसिसची फाईल बरोबर ठेवा. आणि फिस्च्युलाची थरथर अचानक थांबली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच डायलिसिस केंद्र गाठा.